बर्फाची फळी

दामाजी ठाण्याच्या कोपरी गावचा. आगरी. त्याचा बाप मिठागरात राबला, आजाही राबला. दामाजी मात्र लोखंडाकडे वळला आणि फिटर झाला. १९९३ साली मी त्याला ओळखू लागलो तेव्हा डोंबिवलीला मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याची स्वतःची शेड होती. एक वेल्डिंग मशीन, एक गॅस कटर, एक ड्रिल, हाताखाली दोन माणसं. शेजारच्या गाळ्यात मी टायपिंग करायचो. मराठी घेऊन एम. ए. झालेलो. नोकरी लागत नव्हती, म्हणून आसपासच्या कारखान्यांची कोटेशनं टाइप करून देत होतो.

दामाजी पत्र्याच्या तुकड्यावर खडूने मजकूर लिहून आणायचा. "जगन, हे जरा साहेबी कर," म्हणायचा. मी इंग्रजीत टाइप करून द्यायचो. तो पत्रा पुसून घेऊन जायचा. त्याचं वय सेहेचाळीस, माझं चोवीस. तरी मैत्री जमली. तो फार बोलायचा नाही आणि मला ते आवडायचं.

एक गोष्ट मात्र खटकायची. दुपारी सगळी वसाहत डबे उघडून बसायची. दामाजीकडे डबा नसायचा. तो शेडच्या मागे जाऊन दोन केळी खायचा. घरी बायको चांगला स्वयंपाक करत असताना, हा माणूस रोज केळी का खातो ते कळेना. मी एकदा विचारलं. त्याने केळ्याची साल नीट दुमडली आणि कामाला लागला.

उत्तर मला त्याच्या बायकोकडून मिळालं. आवडाबाई कोपरीच्या मिठागरात बायाबाप्यांच्या टोळीची मुकादम होती. तिने सांगितलं ते असं.

१९८४ साली दामाजी महिपतराव जगदाळे यांच्या कारखान्यात होता. कारखाना मानपाड्यातच, आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. जगदाळे साताऱ्याकडचे, कष्टाने वर आलेले, तोंडाने फटकळ. दामाजीचा हात सफाईदार होता, पण जगदाळे त्याला पॉलिशचं काम देत नसत. मिठागरातला हात, तयार मालाला गंज चढतो, असं सगळ्यांदेखत म्हणत. लोक हसत. दामाजीही हसे.

त्या वर्षी दसऱ्याला कारखान्यात हत्यारांची पूजा मांडलेली. प्रत्येकाने आपापलं हत्यार पाटावर ठेवलं. जगदाळ्यांचा मायक्रोमीटर सापडेना. बारीक मापं घ्यायचा, परदेशी, मखमलीच्या पेटीतला. त्यांनी बाकीच्या चौदा माणसांवरून नजर फिरवली आणि दामाजीला म्हणाले, डबा उघड. त्याने उघडला. डब्यात भाकरी आणि सुकट होती. दसऱ्याच्या दिवशी, पूजेसमोर, सुकट. जगदाळ्यांनी डबा पाटाशेजारी पालथा केला. मग शर्टही काढायला लावला. काही मिळालं नाही. तरी ते म्हणाले, असल्यांना वाटेत लपवायला शंभर जागा असतात.

दामाजी दुसऱ्या दिवशी गेला नाही. दिवाळीत मायक्रोमीटर जगदाळ्यांच्याच टेबलाच्या खणात सापडला, जुन्या कॅलेंडरांखाली. त्यांनी तो गुपचूप पेटीत ठेवला. ज्याने पाहिलं त्याने बऱ्याच महिन्यांनी दामाजीला सांगितलं. तोवर "चोर" हा शब्द मानपाड्यात सगळीकडे पोचलेला. दीड वर्ष त्याला कोणी गेटच्या आत घेतलं नाही. आवडाबाईने मीठ ओढून घर चालवलं.

"तवापासून ह्याच्या पोटात एकच हाय," आवडाबाई म्हणाली. "चौदा मानसांपुढं गेलेलं चौदा मानसांपुढं परत पायजे."

मला वाटलं, बायको आहे, वाढवून सांगते. इतकी वर्षं कोण धरून ठेवतं?

१९९५च्या मार्चमध्ये नेगी आले. हिमाचलातले हॉटेलवाले, साठीच्या घरातले, हळू बोलणारे. त्यांनी परदेशातून बारा छोट्या गाड्या मागवल्या होत्या. मोटरसायकलसारखं हँडल, पण चार चाकं, जाड फुगीर टायर, चिखलात आणि चढावर चालणाऱ्या. स्वतःच्या आणि भाऊबंदांच्या हॉटेलांसाठी. हिवाळ्यात अंगणात कमरेएवढा बर्फ साचतो, तो माणसं फावड्याने काढतात. या गाड्यांना पुढे लोखंडी ब्लेड लावून बर्फ ढकलायचा, असा त्यांचा बेत होता. परदेशी ब्लेडं हिवाळ्याआधी मिळत नव्हती. मुंबई बंदरातल्या एजंटाने मानपाड्याचं नाव सांगितलं. नेगी एक गाडी टेम्पोत घालून थेट वसाहतीत आले आणि चार दिवस कारखाने पालथे घातले. बहुतेकांनी हात जोडले. दोघे तयार झाले. एक जगदाळे, दुसरा दामाजी.

नेगींनी दोघांना एकेक नमुना करायला सांगितला. जो चांगला, त्याला बाराही ब्लेडांचं काम.

जगदाळे नमुना करणार हे कळल्यावर दामाजी माझ्या गाळ्यात येऊन बसला. म्हणाला, "जगन, देव हाय."

मी त्याला असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

आमच्यापैकी आकाशातून पडणारा बर्फ कोणीच पाहिला नव्हता. जगदाळ्यांना बर्फ माहीत होता तो मासळी बाजारातला. लाद्यांचा. ते ठाण्याच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन आले, लादीवर छिन्नी मारून पाहिली आणि ठरवलं की ब्लेड जड हवं, धारदार हवं, जमिनीला घासून चालायला हवं. त्यांच्याकडे प्लेट वाकवायचं रोलिंग मशीन होतं, पूर्ण वसाहतीत तेवढं मोठं दुसरं नव्हतं. त्यांनी जाड प्लेटचं साठ इंची ब्लेड रोल केलं. आरशासारखं पॉलिश केलं. वर पिवळा रंग. लोक मुद्दाम बघायला जात.

दामाजीने आधी नेगींना प्रश्न विचारले. मी मध्ये बसून हिंदी सावरत होतो. बर्फ पडतो कसा? पायाला चिकटतो का? दोन दिवसांनी कसा होतो? नेगी म्हणाले, नवा पडलेला पिठासारखा असतो, जुना झाला की ओल्या मिठाच्या राशीसारखा. दामाजीने त्यांना पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, खाली काय? नेगी म्हणाले, खडी. अंगणात खडी, गेटपर्यंत खडी. बर्फाबरोबर खडी निघाली तर उन्हाळ्यात पुन्हा टाकावी लागते.

त्यानंतर त्याने विचारायचं थांबवलं.

त्याने शेडच्या फरशीवर खडूने गाडीचे टायर आखले. बाहेरून बाहेर सेहेचाळीस इंच. त्यावर एक लाकडी फळी आडवी ठेवली. बर्फ बाजूला टाकायचा तर ब्लेड तिरकं करावं लागणार. त्याने फळी तिरकी केली. ती आपोआप आखूड झाली, एक टायर उघडा पडला. "हा टायर मग बर्फावर चढनार," तो म्हणाला. फळी लांब केली, पुन्हा फिरवली. चौपन्न इंचाला दोन्ही टायर झाकले गेले. साठ कशाला नको ते त्याने मला गाडीच्या नाकावर बसवून दाखवलं. पुढची स्प्रिंग दबली, हँडल जड झालं. "नाकावर जड मानूस बसला की गाडी खाली मान घालते. ब्लेडचं तेच."

त्याने पातळ प्लेट घेतली, मागून पट्ट्या मारल्या. रोलिंग मशीन नव्हतं. जाड पाइपवर प्लेट टाकून घणाने वाक आणला. मागे दोन स्प्रिंगा लावल्या, म्हणजे दगड लागला तर ब्लेड पुढे झुकेल आणि पुन्हा उभं राहील. आणि खालच्या दोन टोकांना दोन लोखंडी तळवे बसवले, मोठ्या बशीएवढे. तो त्यांना बूट म्हणायचा. ब्लेड बुटांवर घसरत जाई आणि धार जमिनीपासून अर्धा इंच वर राही.

मी विचारलं, मग अर्धा इंच बर्फ खाली राहील ना?

"राहायलाच पायजे," दामाजी म्हणाला. मिठागरातही तसंच करतात. लाकडी फळीने मीठ ओढताना तळाला नखभर पापुद्रा सोडतात. तळ खरवडला की खालचा चिखल मिठात येतो, मीठ काळं पडतं. त्याचा बाप फळी अशी धरायचा की ती तळावरून तरंगत जायची.

दोन्ही नमुने तयार झाले. आता तपासायचे कुठे? ठाण्यात बर्फ कुठून आणायचा? तेव्हा दामाजीने नेगींना मिठागर सुचवलं. एप्रिल होता. वाफे मिठाने भरलेले. पांढरं, जड, ओलसर, खाली माती. नेगी जाऊन पाहून आले आणि खूश झाले. जगदाळेही हो म्हणाले. ते हसत हसत हो म्हणाले, असं ऐकलं.

तारखेचं पत्र मी टाइप केलं. दामाजीने मजकूर सांगितला. जगदाळ्यांना वाफा क्रमांक चार, दामाजीला पाच. सकाळी आठ वाजता. दोघांनी आपापले कामगार बरोबर आणावेत. मी विचारलं, कामगार कशाला? तो म्हणाला, "बघायला."

त्या रविवारी जगदाळे टेम्पो भरून माणसं घेऊन आले. त्यात जुने, दसऱ्याच्या वेळचे, सहाजण होते. दामाजीने त्यांना एकेक करून पाहिलं. कोणाशी बोलला नाही. आवडाबाईची टोळी बांधावर उभी होती. बायका पदर तोंडाला लावून गाडीकडे बघत होत्या.

आधी दामाजीचा नमुना लावला. नेगींनी स्वतः गाडी पाचव्या वाफ्यात घातली. ब्लेड मिठात शिरलं, मीठ वाकावरून उलटत पुढे गेलं, कडेला रास झाली. मागे पांढरा पापुद्रा राहिला. ब्लेड तिरकं करूनही चालवलं. टायर कुठे चढला नाही.

जगदाळे बांधावरून म्हणाले, "निम्मं मीठ खालीच राहिलं. ही काय सफाई? झाडूवाली बाई बरी."

त्यांची माणसं हसली. दामाजीने खाली पाहिलं.

मग जगदाळ्यांचं ब्लेड लावलं. उन्हात ते असं चमकत होतं की बघवेना. नेगी गाडीवर बसायला निघाले तर जगदाळे म्हणाले, माझा माल मी चालवतो. ते पंचावन्नचे होते. पांढरी पँट, पायात बूट. आधी कारखान्याच्या अंगणात दोन फेऱ्या मारून त्यांनी हात बसवला होता. मी दामाजीकडे पाहिलं. त्याने आवडाबाईकडे पाहिलं. तिने मान दुसरीकडे वळवली.

पहिली दहा-बारा फुटं ब्लेड सुरेख गेलं. तळ खरवडून काढला, एक कण मागे ठेवला नाही. जगदाळ्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग मिठात काळी रेघ दिसू लागली. रेघ रुंद झाली. ब्लेडने खालचा चिखल धरला होता. जगदाळ्यांनी जोर वाढवला. गाडीने नाक खुपसलं, मागची चाकं उचलली गेली आणि ते हँडलवरून पुढे फेकले गेले. तोंडावर पडले. एक खांदा चिखलात रुतला. गाडी त्यांच्यामागे वाकडी होऊन बंद पडली.

त्यांची माणसं धावली. दामाजी बांधावर त्यांना आडवा आला.

"चपला काढा," तो म्हणाला. "वाफ्यात चपलेने उतरत नाहीत."

हा मिठागराचा नियम आहे. वाफ्यात पाय धुऊन, अनवाणी उतरतात. सगळ्यांना माहीत होतं. पण तो हे सावकाश, एकेकाकडे बघून म्हणाला. आणि ती माणसं खरंच थांबली. खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागली. तेवढा वेळ जगदाळे काळ्या चिखलात पडून विव्हळत होते. मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. मीही वाकून चपलेचा पट्टा सोडत होतो.

त्यांना उचलून बांधावर आणलं. खांदा निखळलेला. नेगींनी पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली. मग नेगी चौथ्या वाफ्यात उतरले, अनवाणी. टाच दाबून पाहिली. पाचव्यात जाऊन तशीच दाबून पाहिली. परत येऊन दामाजीसमोर उभे राहिले.

"दोनों ज़मीन एक जैसी है?"

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. दामाजीने हाताने थांबवलं.

"नहीं साब. उनका वाफा कच्चा है. मैंने जानबूझके दिया."

मिठागरात पावसाळ्यानंतर प्रत्येक वाफ्याचा तळ पायाने तुडवून आणि लाकडाने चोपून घट्ट करतात. त्या साली टोळीत माणसं कमी पडली, चौथा वाफा चोपायचा राहिलेला. आवडाबाईने त्याला बजावलं होतं की त्यात माणूस घालू नको. त्याने तोच वाफा पत्रात लिहून दिला. मी टाइप केला.

तो पुन्हा बोलला, या वेळी मराठीत, जगदाळ्यांच्या माणसांकडे तोंड करून. "पत्र आठ दिवस आधी दिलेलं. कोनी येऊन वाफ्यात पाय ठेवला नाय. ठेवला असता तर कळलं असतं. मला विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं."

तो गप्प राहिला असता तर कोणाला काही कळलं नसतं. पण ते कळावं हेच त्याला हवं होतं. जगदाळ्यांनी हे समजूनच दुखावं, ही त्याची गरज होती. मला ते तिथे उभ्या उभ्या समजलं.

नेगींचा चेहरा बदलला. ते म्हणाले, तुझं ब्लेड आता कच्च्यात चालव. तूच बस.

रुतलेली गाडी बाहेर काढली, दामाजीने आपलं ब्लेड लावलं आणि तो बसला. अनवाणी. त्याने चौथ्या वाफ्याच्या न उखडलेल्या अर्ध्या भागात गाडी घातली. ब्लेडचे बूट चिखलावर टेकले, घसरले. ब्लेड तरंगत गेलं. मीठ पांढरंच निघालं. टोकाला जाऊन तो वळला आणि परत आला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

म्हणजे कच्चा वाफा द्यायची गरजच नव्हती. नेगींचं अंगण खडीचं होतं. बूट असलेलं ब्लेडच लागणार होतं. तो तसाही जिंकला असता.

आवडाबाईने सकाळपासून कालवण करून ठेवलं होतं, पाहुण्यांसाठी. नेगी जेवायला थांबले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, ब्लेड याचंच घेतो, माझ्या अंगणाला तेच लागतं. पण या माणसाच्या घरी मी जेवणार नाही. नोव्हेंबरच्या आत बारा हवीत. मी दामाजीला सांगितलं. त्याने मान हलवली. 

मे महिन्यात जगदाळे माझ्या गाळ्यात आले. हात गळ्यात अडकवलेला. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. म्हणाले, बारा प्लेटा हाताने वाकवून होणार नाहीत, खांदे मोडतील त्याचे. त्याला सांग, प्लेटा माझ्याकडे पाठव. मशीन रिकामंच आहे. एका दिवसात रोल करून देतो. काही नको मला.

मला वाटलं, संपलं. मी जवळजवळ पळत दामाजीकडे गेलो.

तो पाइपवर प्लेट टाकून घण मारत होता. ऐकून घेतलं. "नाय," म्हणाला.

मी समजावून पाहिलं. माणूस स्वतःहून आलाय, खांदा मोडून घेऊन आलाय. दामाजीने घण खाली ठेवला.

"जगन, त्याने मशीन देऊ केली. मी मशीन मागितलेली?"

मी तसंच जाऊन जगदाळ्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याला काय हवंय? मी सांगितलं. दसरा, डबा, मायक्रोमीटर. मला हे सगळं माहीत आहे याचीच त्यांना लाज वाटली असावी. ते हळू आवाजात म्हणाले, "सांग त्याला, माझं चुकलं."

मी पुन्हा गेलो. दामाजी म्हणाला, "मला नको सांगू. मला ठावं हाय त्याचं चुकलं ते. चौदाजणांपुढं बोलला होता. त्या चौदाजणांपुढं सांगायला सांग."

जून गेला, जुलै गेला. नेगींनी गाडी नेली होती, मोजमापं दामाजीकडे होती. दर आठवड्याला एक प्लेट वाके. घणाचा आवाज माझ्या गाळ्यापर्यंत येई. दामाजीचा उजवा खांदा खाली आला. आवडाबाई रोज रात्री तेल लावून चोळते, असं म्हणाली. मी तिला म्हटलं, तुम्ही तरी सांगा त्यांना. ती म्हणाली, "त्या साली मी मीठ ओढत होते जगनभाऊ. पायाला चिरा पडलेल्या. मी कशाला सांगू?"

ऑगस्टमधल्या एका दुपारी गल्लीत टेम्पो थांबला. पाऊस चालू होता. जगदाळे उतरले. मागून माणसं उतरली. कोणी कारखान्याच्या कपड्यांत, कोणी धोतरात, एक म्हातारा काठी टेकत. नंतर कळलं की जगदाळ्यांनी दसऱ्याच्या वेळच्या माणसांना जमवायला दोन महिने खर्ची घातले होते. एकाला कराडहून आणलं, एकाला चिपळूणजवळच्या गावातून. दोघे दुसऱ्या कारखान्यांत होते, त्यांना रजा काढायला लावली होती.

ती सगळी दामाजीच्या शेडमध्ये भिंतीला लागून उभी राहिली. दामाजीची दोन माणसं काम थांबवून बाजूला झाली. आवडाबाई त्या दिवशी तेलाची बाटली घेऊन आली होती, ती मागे स्टोव्हजवळ बसलेली.

जगदाळे मध्ये उभे राहिले. हात आता गळ्यातून निघाला होता, पण नीट वर जात नव्हता.

"दामाजी," ते म्हणाले, "त्या दसऱ्याला मी तुझा डबा उघडला. तुझा शर्ट काढायला लावला. मायक्रोमीटर माझ्याच खणात होता. मला दिवाळीत कळलं आणि मी कोणाला बोललो नाही. तू चोर नव्हतास. माझं चुकलं."

त्यांचा आवाज कापरा झाला नाही. त्यांनी पाठ केलेलं असावं. पण खोटं नव्हतं. म्हातारा काठीवर वाकून ऐकत होता. दुसऱ्या एकाने डोळे पुसले.

माझ्या मनात आलं, आता दामाजी पुढे होईल. खांद्यावर हात ठेवेल. निदान बसा म्हणेल.

दामाजीने घण पाइपला टेकवून उभा केला. भिंतीच्या एका टोकापासून माणसं मोजायला सुरुवात केली. प्रत्येकाकडे बोट न दाखवता, नुसत्या नजरेने. शेवटच्या माणसापाशी थांबला.

"अकरा," तो म्हणाला.

जगदाळे म्हणाले, "तिघं गेले, दामाजी. वारले. त्यांना कुठून आणू?"

"मला ठावं हाय."

"मग?"

"ते मरेपर्यंत मला चोर समजत होते."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. जगदाळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला, मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं.  

"त्यांच्या बायका हायत," दामाजी म्हणाला. "पोरं हायत." आणि त्याने पत्ते सांगितले. एक कल्याणला कोळसेवाडीतला, चाळीचं नाव आणि खोलीच्या नंबरासह. दुसरा लोणंदजवळचा. तिसरा राजापूर तालुक्यातल्या वाडीचा, उतरायच्या थांब्यासकट. तो हे थांबून आठवत नव्हता. आधीच तयार होतं. अकरा वर्षांत कधीतरी त्याने ही तिन्ही घरं शोधून ठेवली होती.

जगदाळे म्हणाले, "तिघींच्या दारात जाऊन सांगू?"

दामाजीने कल्याणचा पत्ता पुन्हा सांगायला सुरुवात केली.

त्यांनी खिसे चाचपले. कागद नव्हता. मी गाळ्यातून एक पान आणलं आणि तिन्ही पत्ते लिहून दिले. लिहिताना दामाजीने मला खोलीचा नंबर दुरुस्त करायला लावला. जगदाळ्यांनी पान घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. मग पावसाने भिजेल म्हणून काढून मुठीत धरलं.

आवडाबाईने चहा ओतला. तिने कप माणसांपुढे एकेक करून ठेवले. दामाजीच्या दोन माणसांना दिला, मला दिला. भिंतीजवळच्या अकराजणांना दिला. जगदाळ्यांपुढे ठेवला नाही.  माणसं मान खाली घालून फुंकर मारत राहिली.

जगदाळे दारात उभे होते, पाऊस कमी व्हायची वाट बघत. दामाजीने त्यांच्याकडे पाठ केली, पाइपवरची प्लेट दोन बोटं पुढे सरकवली आणि खुणेसाठी माझ्याकडे खडू मागितला.